अठ्ठावीस दिवसांची श्रीमंती

जालन्यातल्या परतूरच्या पोराला लंडनच्या विद्यापीठाचं पत्र आलं की घरात आधी पेढे येतात, मग सातबारा निघतो. बाप तो घेऊन बँकेत जातो.

"साडेसात लाखांच्या वर तारण लागेल. काय आहे?"

"सहा एकर काळी आहे, साहेब. दुधनेकाठची."

"शेती चालत नाही."

"पण पीककर्ज तर याच शेतीवर दिलंय की तुम्ही!"

"ते पीककर्ज. एनए प्लॉट असला तर बोला."

साहेबांचा दोष नाही. २००२ च्या सरफेसी कायद्यातून शेतजमीन वगळली आहे. कर्ज थकलं तर बँकेला ती कोर्टाबाहेर परस्पर विकता येत नाही. शेतकऱ्याचं रान वाचावं म्हणून केलेली ही तरतूद. रान वाचलंच, शिवाय पोरगंही रानातच राहिलं.

मग शिष्यवृत्ती. अनुसूचित जातीच्या मुलांसाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज योजना २००३ पासून आहे; अख्ख्या महाराष्ट्रात वर्षाला ७५ जागा. केंद्राचीही आहे. तिथे २०२५ मध्ये १०६ जण निवडले आणि पत्रं दिली ४० जणांना. उरलेल्या ६६ जणांना निधी आल्यावर कळवणार होते. म्हणजे गुणवत्ता सिद्ध करायची पोरांनी, ती झाली की ऐपत सिद्ध करायची सरकारने, आणि सरकारच नापास! विद्यापीठाचं सत्र मात्र सप्टेंबरात सुरू होतं, ते निधीसाठी थांबत नाही.

१९१३ मध्ये सयाजीरावांनी बाबासाहेबांना कोलंबियाला पाठवलं, महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षं. बदल्यात दहा वर्षं बडोद्याच्या नोकरीचा करार होता. कडक होता, पण सातबारा कुणी मागितला नव्हता.

तर शिष्यवृत्तीच्या फाइलमध्ये हे घर गरीब लागतं. उत्पन्न आठ लाखांच्या आत, तहसीलदाराचा दाखला. पण शिष्यवृत्ती लागेलच याची खात्री नाही, म्हणून दुसरी फाइल व्हिसाची. तिच्यात हेच घर श्रीमंत लागतं. लंडनला राहायचं तर नोव्हेंबर २०२५ पर्यंत महिना १,४८३ पौंड दाखवावे लागत, नऊ महिन्यांचे १३,३४७. आपले पंधरा लाख तरी झाले, फी वेगळीच. हे पैसे पोराच्या नाहीतर आईबापाच्या खात्यात सलग २८ दिवस दिसले पाहिजेत.

बाप हिशेब करतो. केंद्राच्या पीएम-किसानचे सहा हजार आणि राज्याच्या 'नमो शेतकरी'चे सहा, वर्षाला बारा हजार. सगळे साठवले तर सव्वाशे वर्षांत पोरगं लंडनला. याच मदतीचा हवाला देत जून २०२५ मध्ये भाजप आमदार बबनराव लोणीकरांनी परतुरातल्या कार्यक्रमात टीका करणाऱ्या पोरांना सुनावलंच होतं की अंगावरचे कपडे, पायातले बूट, हातातला मोबाइल, सगळं आमच्यामुळे. नंतर त्यांनी दिलगिरी व्यक्त केली. मधल्या वेळात कुणीतरी व्हिसाचंही विचारून घ्यायला हवं होतं.

शेवटी सोयरे धावतात. मामाने सोयाबीनचे पैसे अजून खर्चलेले नसतात. मेहुण्याचे ट्रॅक्टरसाठी ठेवलेले असतात. कमी पडले ते आडत्या देतो, शेकडा दोनने. एकदम आलेला पैसा संशयास्पद दिसतो, म्हणून सीए प्रत्येकाकडून 'प्रेमापोटी भेट' असं लिहून घेतो. आडत्याचंही प्रेमच. मग २८ दिवस घरात कुणी आजारी पडायचं नाही, मोटार जळली तरी बसवायची नाही. एकोणतिसाव्या दिवशी सकाळी दहाला मेहुणा बँकेच्या दारात उभा असतो.

यावर आमची तहसीलला नम्र सूचना. दोन फाइलींचा खटाटोप कशाला? एकच दाखला काढावा: "दाखला देण्यात येतो की, सदर कुटुंब शिष्यवृत्तीकामी गरीब व व्हिसाकामी श्रीमंत आहे. श्रीमंतीची मुदत २८ दिवस. मुदतवाढ हवी असल्यास मेहुण्याचे संमतिपत्र जोडावे."