ऑर्डर निघाली का?

बाहेर गुडघाभर बर्फ पडला होता आणि आमचे शेजारी हातात फावडं धरून अर्धा तास एकाच जागी उभे होते. बर्फ उपसत नव्हते. फावड्याच्या दांड्यावर हनुवटी, एका हातात फोन, नाकाचा शेंडा लालबुंद. माझे वडील आतून काचेला नाक लावून हे पाहत होते. साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी आलेल्या माणसाला न्यू जर्सीच्या थंडीत करमणूक कमीच.

“गृहस्थांना बरं नाही का?” बाबांनी विचारलं.

“त्यांची खिडकी सहाला बंद होते,” मी म्हणाले.

बाबांनी घड्याळ पाहिलं. पाच चाळीस. “मग बरोबर आहे. आमच्या ट्रेझरीची दोनला व्हायची. बिलं हातात घेऊन माणसं अशीच उभी असायची.”

ही खिडकी इंग्लंडची. तिकडच्या फुटबॉल क्लबांना खेळाडूंची खरेदी-विक्री करायला वर्षातून दोनदा मुदत मिळते, एक उन्हाळ्यात आणि एक जानेवारीत. लंडनला रात्रीचे अकरा, म्हणजे आमच्याकडे संध्याकाळचे सहा वाजले, की ती मिटणार होती. इथला कुठलासा एकोणीस वर्षांचा पोरगा तिकडे जाणार अशी बातमी सकाळपासून होती. पोरगा शेजाऱ्यांच्या नात्यातला नाही, ओळखीतला नाही. त्याला खेळताना त्यांनी फोनवर एक मिनिट वीस सेकंद पाहिलं होतं, तेही पार्श्वसंगीतासकट.

सहा वाजून दोन मिनिटांनी त्यांनी फावडं बर्फात उभं खोचलं आणि ते आत गेले. “नाही झालं वाटतं,” बाबा हळहळले.

हा सगळा प्रकार मी बाबांना समजावून सांगू लागले, तर दुसऱ्याच वाक्याला त्यांनी मला थांबवलं. “म्हणजे बदल्या!” बाबांची छत्तीस वर्षं पाटबंधारे खात्याच्या आस्थापना शाखेत गेली. शेकडो माणसांच्या बदल्यांची टिपणी त्यांच्या हातून गेली. त्यांची स्वतःची बदली दोनदाच झाली, आणि दोन्ही वेळा ती समोरच्या टेबलावर. दुसऱ्या दिवशी ते माकडटोपी घालून बर्फात उतरले आणि शेजाऱ्यांना त्यांनी थेट विचारलं, “ऑर्डर इश्यू नाही झाली?” शेजाऱ्यांच्या डोळ्यांत पाणी यायचंच बाकी होतं. इतक्या वर्षांत गल्लीतल्या कुणी विचारलं नव्हतं. आठवड्याभरात बाबांनी त्यांना ‘रावसाहेब’ करून टाकलं. मी हाक मारते ते ऐकून रावसाहेबही बाबांना ‘बाबा’ म्हणू लागले. वयात अंतर दहा वर्षांचं, पण अमेरिकेत कोण विचारतो.

आमचं गाव कार्नी. हॅरिसनच्या स्टेशनपासून जवळ, भाडं त्यातल्या त्यात परवडतं, म्हणून आम्ही इथे आलो. रावसाहेबांच्या मते मात्र हे अमेरिकन फुटबॉलचं पंढरपूर. एकोणिसाव्या शतकात इथे दोऱ्याच्या गिरण्या निघाल्या, त्यांत काम करायला स्कॉटिश माणसं आली आणि सोबत चेंडू घेऊन आली. 1994 च्या विश्वचषकात खेळलेल्या अमेरिकेच्या संघातले जॉन हार्क्स, टॅब रामोस आणि टोनी मिओला हे तिघे याच टापूत वाढले. त्यातले हार्क्स 1990 मध्ये इंग्लंडात शेफील्ड वेन्सडेला गेले. रावसाहेब हे असं सांगतात, की ऐकणाऱ्याला वाटावं, बंदरावर निरोप द्यायला हेच गेले होते.

तर रावसाहेबांसारख्यांची ही एक जमात आहे. अमेरिकेत ती बरीच पसरलेली आहे. जगातली माणसं अमेरिकेत यायला धडपडतात आणि ही माणसं आपली पोरं इथून कधी एकदा बाहेर पडतात याची वाट पाहतात. इथे त्यांची स्वतःची लीग आहे, 1996 पासून चालू आहे, गाड्या लावायला प्रशस्त जागा आहे. पण इथे केलेला गोल हा गोल नव्हे. तोच गोल जर्मनीतल्या एखाद्या पावसाळी गावात, दुसऱ्या श्रेणीत, शेवटून तिसऱ्या क्रमांकाच्या संघासाठी केला, की पोराने नाव काढलं. आमच्या साताऱ्यात एका डॉक्टरांच्या पाटीवर नावापेक्षा ‘लंडन’ हा शब्द मोठा होता, ते मला आठवलं. डॉक्टर तिथे सहा आठवडे राहिले होते.

बाबांनी एक वही घातली. तिच्यावर ‘सेवापुस्तक’ असं लिहिलं आणि रावसाहेबांकडून एकेका खेळाडूची नोंद घ्यायला सुरुवात केली. लोन म्हणजे काय, हे रावसाहेब हातवारे करून सांगत होते: खेळाडू एका क्लबचा, खेळतो दुसऱ्याकडे, पगार कधी हा देतो कधी तो. बाबांनी शांतपणे लिहिलं, ‘प्रतिनियुक्ती’. 2019 च्या जानेवारीत चेल्सीने ख्रिश्चन पुलिसिकला 6 कोटी 40 लाख युरो मोजून घेतलं, पण उरलेला हंगाम त्याला जुन्या क्लबात, डॉर्टमुंडलाच खेळू दिलं. “ऑर्डर निघाली, कार्यमुक्त केलं नाही,” बाबा म्हणाले. पुढे 2023 मध्ये मिलानने त्याला साधारण 2 कोटी युरोंना उचललं, हे रावसाहेबांनी खालच्या आवाजात सांगितलं. “घसारा,” बाबांनी समजूत घातली. “आमच्या खात्याची जीप याहून वाईट भावाने गेली.” जीपला जमलं नाही ते पुलिसिकने केलं: मिलानला गेल्यावर पहिल्याच हंगामात लीगमध्ये बारा गोल.

सगळ्यात जास्त वेळ गेला फ्रेडी अडू याच्या पानावर. 2004 मध्ये चौदाव्या वर्षी तो इथल्या लीगमध्ये उतरला, तेव्हा रावसाहेबांना वाटलं होतं, आता आपलं भलं झालं. 2007 मध्ये बेन्फिका. तिथून मोनाको, बेलेनेन्सेस, ग्रीसचा आरिस, तुर्कस्तानचा रिझेस्पोर, एकामागून एक चार प्रतिनियुक्त्या. मग फिलाडेल्फिया, ब्राझील, सर्बिया, फिनलंड. बाबांनी चष्मा काढून पुसला. “हा कुणाच्या तरी डोळ्यावर आलेला माणूस आहे,” ते म्हणाले. “एवढ्या बदल्या सरळ होत नाहीत. आमदाराला नडला असणार.” त्यावर रावसाहेब बराच वेळ विचार करत बसले. वीस वर्षांत वाचलेल्या कुठल्याच विश्लेषणात त्यांना ही शक्यता भेटली नव्हती.

कॅव्हन सलिव्हनचं पान उघडलं तेव्हा मात्र बाबांचाही हात थांबला. या मुलाने 2024 च्या जुलैमध्ये फिलाडेल्फियाकडून पहिला सामना खेळला, वय चौदा वर्षं 293 दिवस. अडूचा विक्रम मोडला. आणि अठरा पूर्ण झाल्यावर त्याने मँचेस्टर सिटीला जायचं, हे त्याआधीच ठरलेलं. “रुजू व्हायच्या आधीच बदली?” बाबा म्हणाले. “ह्याचा वशिला थेट मंत्रालयात.”

खेळाडूंच्या आजोबांचा विषय मला फार आवडतो. अठराच्या आतल्या मुलाला एका देशातून दुसऱ्या देशात नेऊन खेळवायला फिफाची मनाई आहे. युरोपीय संघातल्या एका देशातून दुसऱ्या देशात मात्र सोळाव्या वर्षी जाता येतं. म्हणजे इथल्या पोराकडे त्यातल्या एखाद्या देशाचा पासपोर्ट असेल, तर दोन वर्षं वाचतात. पुलिसिक जन्मला पेन्सिल्व्हेनियातल्या हर्शी या चॉकलेटच्या गावात, पण त्याचे आजोबा क्रोएशियाचे, म्हणून तो सोळाव्या वर्षी डॉर्टमुंडला. तेव्हापासून कुठलाही नवा पोरगा चमकला, की रावसाहेब आधी त्याचा डावा पाय पाहत नाहीत, आजोबा पाहतात. आडनावाच्या शेवटी काय येतं, ‘इच’ का ‘स्की’ का ‘इनो’, आजी कुठली, लग्नाआधीचं नाव काय. आमच्याकडे स्थळ पाहताना याहून कमी चौकशी होते. एकदा एका मुलाची पणजी आयरिश निघाली, पण पणजी चालत नाही म्हणे. रावसाहेबांना त्या रात्री जेवण गेलं नाही.

आणि ज्याला आजोबा नाहीत त्याला वर्क परमिट. एका रविवारी रावसाहेबांनी मला इंग्लंडच्या परवान्याची गुणपद्धत समजावली. पंधरा गुण लागतात. राष्ट्रीय संघातून किती खेळला त्याचे काही, लीग कुठल्या दर्जाची त्याचे काही. नव्वदच्या दशकात ब्रॅड फ्रीडेल या गोलरक्षकाला परवाना पुन्हा पुन्हा नाकारला. गडी शेवटी 1997 मध्ये लिव्हरपूलला पोचला आणि नंतर प्रीमियर लीगमध्ये सलग 310 सामने खेळला. हुआन आगुदेलोला स्टोक सिटीने घ्यायचं ठरवलं, तर सरकार आडवं. “कल्पना कर,” रावसाहेब मला म्हणाले, “माणसाकडे गुण आहेत, मालक घ्यायला तयार आहे, आणि एका कागदासाठी त्याचं आयुष्य अडकून पडतं.” मी कल्पना केली. माझ्या नवऱ्याच्या ग्रीन कार्डाचा अर्ज तेव्हा अकराव्या वर्षात होता. फाइल स्वयंपाकघरातल्या वरच्या फळीवर, पापडाच्या डब्यामागे असते. मी त्यांना आणखी चहा दिला.

एक नाव मात्र त्यांच्यापुढे काढायचं नाही: ज्युझेप्पे रॉसी. टीनेकचा, म्हणजे आमच्याच न्यू जर्सीतला. लहानपणीच इटलीत पार्माला गेला, पुढे इटलीकडूनच खेळला, आणि 2009 च्या कॉन्फेडरेशन्स चषकात अमेरिकेविरुद्ध दोन गोल करून मोकळा झाला. बाबांनी वहीत शेरा मारला, ‘प्रतिनियुक्तीवर गेले, परत आले नाहीत, मूळ खात्यावरच दावा लावला.’

पोरगा एकदाचा युरोपात पोचला, की त्याचा खेळ रावसाहेब पाहत असतील असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटायचं. शनिवारी सकाळी साडेसातला सामना सुरू होतो. त्याआधी तासभर अकरा जणांची यादी येते. रावसाहेब झोपेच्या कपड्यांत ती यादी वाचतात. नाव त्यात बहुतेक नसतं. मग ते मैदानाकडे बघतच नाहीत, कॅमेरा बाकावर कधी जातो याची वाट पाहतात. पासष्टाव्या मिनिटाला पोरगा उठून रेषेच्या कडेने पळायला लागतो. “उठला!” जॅकेट काढतो. “काढलं!” प्रशिक्षक त्याच्या खांद्यावर हात ठेवून कानात काहीतरी सांगतो. रावसाहेब उभे, बाबा उभे, माझ्या हातात पोह्यांचा झारा. आणि मग प्रशिक्षक दुसऱ्याच कुणाला तरी आत पाठवतो. “बदली म्हणून गेला आणि बदली म्हणूनच बसला,” बाबा मराठीत पुटपुटतात. हा एक विनोद मी रावसाहेबांना आजवर समजावू शकलेले नाही.

रिकार्डो पेपी 2022 च्या जानेवारीत डॅलसहून ऑग्सबुर्गला गेला, तेव्हा म्हणे रावसाहेबांनी गल्लीत डोनट वाटले होते. ऑग्सबुर्गकडून त्याने एकही गोल केला नाही. मग हॉलंडात ग्रोनिंगेनला लोनवर पाठवला, तर तिथे लीगमध्ये बारा गोल केले आणि संघ खालच्या श्रेणीत गेला. यातली कुठली गोष्ट मनाला लावून घ्यायची, हे रावसाहेबांचं अजून ठरलेलं नाही.

मे महिन्यात एक दिवस ते मागच्या दाराने आले. चेहरा उतरलेला. ते न्यूअर्कच्या एका कंपनीत हिशेब तपासतात. कंपनी त्यांना दोन वर्षांसाठी जर्मनीत, फ्रँकफर्टला पाठवत होती. घर देणार, पगार वाढवणार.

“अभिनंदन!” मी म्हणाले. “थेट बुंडेसलीगा!”

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी गडचिरोलीचं नाव घेतलंय. आई इथे, वय चौऱ्याऐंशी. घराचं छप्पर काढायचंय. मुलाची शाळा. तिकडे म्हणे रविवारी दुकानं बंद असतात. आणि पासपोर्ट? तो त्यांनी कधी काढलेलाच नव्हता. मग आवाज खाली आणून त्यांनी बाबांना विचारलं, “बाबा, यातून सुटता येतं का?”

छत्तीस वर्षांची नोकरी बाबांच्या पाठीच्या कण्यात सरळ झाली. “बसा,” ते म्हणाले. “विषय: बदली रद्द करणेबाबत.” एक, वृद्ध मातोश्री. दोन, स्वतःची कंबर. तीन, मुलाचं दहावीचं वर्ष. रावसाहेब म्हणाले, इथे दहावीला काहीच नसतं. “लिहा,” बाबा म्हणाले. “वाचणाऱ्यालाही मुलं असतील.” मी इंग्रजी केलं. ‘सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा’ याचं भाषांतर करताना माझी दमछाक झाली.

पंधरा दिवसांत ऑर्डर रद्द. रावसाहेब न्यूअर्कच्या पोर्तुगीज बेकरीतून कस्टर्डच्या टार्टचा खोका घेऊन आले. आत काय आहे, हे बाबांनी विचारलं नाही आणि तीन खाल्ले. टीव्हीवर इथल्याच लीगचा सामना चालू होता. डावीकडून एक पोरगा सुसाट पळत गेला. रावसाहेबांचा घास हातातच राहिला. “हा अजून इथे काय करतोय?” ते कळवळून म्हणाले. “वय चाललंय. अठरा झालं!”

बाबांनी वही ओढली, टोपण काढलं. “आजोबा कुठले?”

जूनमध्ये बाबा साताऱ्याला परतले. वही रावसाहेबांना देऊन गेले. इंग्लंडची उन्हाळी खिडकी बंद होण्याच्या दिवशी, मुदत संपायला दोन मिनिटं असताना, शेजारी फोन वाजला आणि रावसाहेब ओसरीत येऊन ओरडू लागले, “नो ऑर्डर, बाबा! नो ऑर्डर!” साताऱ्यात तेव्हा रात्रीचे साडेअकरा वाजत आले होते.