टाचेचं अद्वैत

मुंबई मॅरेथॉनसाठी नाव नोंदवून झालं, की आमच्या सोसायटीत पळणं कमी होतं आणि चर्चा वाढते. आठवड्याचं अंतर वाढवायचं तर आधी बूट हवा आणि बूट घ्यायचा तर आधी ‘ड्रॉप’ ठरवायला हवा. टाचेखालचा सोल बोटांखालच्या सोलपेक्षा जितके मिलिमीटर उंच, तितका ड्रॉप. मोजायला फूटपट्टी पुरते. पण फूटपट्टीनेच प्रश्न सुटला, तर रविवारी पळून आल्यावर इडली खाताना बोलायचं काय?

म्हणून पंथ पडलेत. १० ते १२ मिलिमीटरवाले द्वैती: टाच वेगळी, बोटं वेगळी. ४ ते ६ वाले विशिष्टाद्वैती. आणि शून्यवाले कट्टर अद्वैती. टाच-बोटांतला भेद ही बूट-कंपन्यांनी पसरवलेली माया, असं ते सांगतात आणि सांगताना पायात त्याच बाजारातली महागातली माया असते.

अद्वैत्यांचा ग्रंथ २००९चा: ख्रिस्तोफर मॅकडूगल यांचं ‘बॉर्न टु रन’. मेक्सिकोतले तराहुमारा लोक पातळ सपातांवर डोंगर पालथे घालतात हे वाचून जगाने जाड सोल फेकले आणि पाच बोटांचे बूट घेतले. २०१४मध्ये त्या बुटांच्या कंपनीने आरोग्याच्या दाव्यांवरून भरलेला ग्राहकांचा खटला साडेसदतीस लाख डॉलर देऊन मिटवला. गंमत अशी, की त्याच २००९मध्ये फ्रान्सच्या आल्प्समध्ये दोघांनी गलेलठ्ठ सोलची ‘होका’ काढली. सामान्य धावपटूपुढे मग एकच मार्ग उरला: दोन्ही घेणं.

आबेबे बिकिला तर दोन्हीकडच्या व्याख्यानांत येतो. १९६०च्या रोम ऑलिंपिकची मॅरेथॉन तो अनवाणी जिंकला, हे अद्वैती सांगतात. १९६४ला टोकियोत बूट घालून आणखी वेगात जिंकला, हे द्वैती सांगतात. सबंध बिकिला कोणीच सांगत नाही.

शरीराला तत्त्वज्ञान कळत नाही. ड्रॉप कमी केला की भार पोटरीवर आणि टाचेमागच्या ॲकिलिसवर येतो. वाढवला की गुडघ्याकडे सरकतो. दुखणं निलंबित होत नाही, त्याची फक्त बदली होते. लक्झेंबर्गच्या संशोधकांनी ५५३ जणांना १०, ६ आणि शून्य ड्रॉपचे बूट देऊन सहा महिने पळवलं. एकंदर दुखापतींत फरक पडला नाही. अधूनमधून पळणाऱ्यांना कमी ड्रॉप मानवला, नियमित पळणाऱ्यांना मात्र तोच जास्त नडला. म्हणजे अंतर वाढवणाऱ्याने एकदम शून्यावर उडी मारू नये, सवयीच्या ड्रॉपवरून हळूहळू सरकावं. हे निष्कर्ष २०१६ला छापून आले. आमच्या इडलीपर्यंत अजून पोचायचे आहेत.

कुशनिंगचंही तेच. आमच्या सेक्रेटरींचं गणित सोपं आहे: वजन नव्वद किलो, तेव्हा गादी जाड हवी. लक्झेंबर्गच्याच २०२०च्या अभ्यासात कडक बुटांत दुखापती जास्त निघाल्या खऱ्या, पण मऊ सोलचा फायदा दिसला तो हलक्या वजनाच्या लोकांना. जडांना विशेष फरक नाही. हे ऐकवल्यावर सेक्रेटरींनी विषय बदलला आणि जागतिक ॲथलेटिक्स संघटनेच्या नियमाकडे वळले. रस्त्यावरच्या शर्यतीत सोल ४० मिलिमीटरपेक्षा जाड चालत नाही, हा तो नियम. विक्रमवीरांसाठी केलेला. सेक्रेटरींना मॅरेथॉनला सहा तास लागतात, त्यांचा सोल मोजायला कोणी येणार नाही. तरी उगाच पंचाईत नको म्हणून त्यांनी ३९चा घेतला.

दुकानात दोन बूट घालून चार पावलं पळावं आणि पायाला बरा वाटेल तो घ्यावा, एवढं साधं बोललेलं कोणाला आवडत नाही. त्यात अभ्यास करायला जागाच नाही. मात्र दोन-तीन वेगवेगळे जोड आलटूनपालटून वापरणाऱ्यांना दुखापती कमी होतात, हा संशोधकांचा एकच निष्कर्ष सोसायटीने बिनविरोध मंजूर केला.

सेक्रेटरींकडे आता चार जोड आहेत: शून्य, चार, आठ आणि दहा. बुटाचं आयुष्य साधारण ५०० ते ८०० किलोमीटर. सध्या एकेकाच्या वाट्याला आठवड्याला पाच किलोमीटर येतात, तेव्हा सोल झिजायला दोन-तीन वर्षं तरी जातील. तोवर कंपनीने ते मॉडेलच बंद केलं तर? म्हणून आठवाल्याचा आणखी एक जोड त्यांनी राखीव ठेवलाय, खोक्यासकट.