मुख्य लिफ्टमध्ये मावशी आढळल्याबाबत

प्रति,
माननीय सेक्रेटरीसाहेब व व्यवस्थापक समिती
यांचे सेवेशी.

महोदय,

सदर अर्जदार हा आपल्या सोसायटीच्या ‘बी’ विंगमधील चौदाव्या मजल्यावरचा सभासद असून गेल्या मंगळवारी सकाळी आठच्या सुमारास त्याच्या हातून एक गुन्हा घडला. तो नाकारण्यात अर्थ नाही. लिफ्टमधल्या कॅमेऱ्याने तो टिपला आहे आणि दहाच्या आत सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर लाल वर्तुळासह त्याचे प्रकाशनही झाले आहे. वर्तुळात एक बाई आहेत. वय अठ्ठावन्न, अंगावर अबोली साडी, हातात कापडी पिशवी. त्या मुख्य लिफ्टमध्ये उभ्या आहेत. शेजारी दुधाच्या पिशव्या घेऊन उभा असलेला इसम म्हणजे अर्जदार. त्याच्याभोवती वर्तुळ काढण्याची गरज कुणाला वाटलेली नाही.

हकीकत अशी. एकोणिसाव्या मजल्यावर फरशी बदलण्याचे काम चालू आहे, त्यामुळे सर्व्हिस लिफ्ट सकाळी सातपासून इटालियन मार्बलच्या दिमतीला होती. वर्तुळातल्या बाईंनी, म्हणजे अर्जदाराकडे कामाला येणाऱ्या मावशींनी, गेटवर कार्ड दाखवले, वॉचमनने जिन्याकडे बोट दाखवले, आणि गुडघ्याला पट्टा बांधलेल्या मावशी चढू लागल्या. दूध घेऊन परतलेल्या अर्जदाराला हे वॉचमनकडून कळले. तो लिफ्टने वर जात एकेका मजल्यावर डोकावत निघाला, तेव्हा नवव्या मजल्यावर त्या सापडल्या. पायरीवर बसल्या होत्या, दोन्ही तळव्यांनी गुडघा चोळत. चपला काढून शेजारी नीट जोडीने ठेवल्या होत्या, कुणाच्या घरी आल्यासारख्या.

तिथून चौदाव्यापर्यंतचे पाच मजले त्या मुख्य लिफ्टने आल्या. दंड रुपये पाचशे. मजल्याला शंभर पडले. पुण्यातल्या रिक्षाचा मीटरही इतका धावत नाही.

दंडाबद्दल तक्रार नाही. तक्रार व्याकरणाची आहे. अर्जदाराने तीस वर्षे मुद्रितशोधन केले, त्यामुळे छापील मजकूर दिसला की त्याचा डोळा अडकतो. लिफ्टशेजारी लॅमिनेशन करून लावलेली आपली सूचना म्हणते : ‘घरकामगार, ड्रायव्हर, डिलिव्हरी बॉय, कचरा, फर्निचर व तत्सम वस्तूंची ने-आण केवळ सर्व्हिस लिफ्टने करावी.’ एका वाक्यात पाच नामे आणि एक ‘तत्सम’. तत्सम म्हणजे त्यासारखे. पण कुणासारखे? घरकामगार फर्निचरसारखे, की डिलिव्हरी बॉय कचऱ्यासारखा? आणि ‘ने-आण’ तर फारच बोलके आहे. माणूस येतो-जातो, ने-आण वस्तूची होते. मावशी आल्या नव्हत्या, त्यांची आवक झाली होती.

या यादीत पूर्वी एक सहावे नाव होते, ते म्हणजे ‘पाळीव प्राणी’. ते आता दिसत नाही. सतराव्या मजल्यावरच्या लॅब्राडॉरच्या पालकांनी भारतीय पशू कल्याण मंडळाची 2015 ची मार्गदर्शक तत्त्वे छापून समितीपुढे ठेवली होती. पाळीव कुत्र्यांना लिफ्ट वापरण्यास सोसायटीने मनाई करू नये, त्यासाठी शुल्क आकारू नये, असे त्यांत म्हटले आहे. समितीने शहाणपणाने माघार घेतली. अर्जदाराचे त्या लॅब्राडॉरशी काहीही वैर नाही, उलट इमारतीत ‘कसे आहात’ असे डोळ्यांनी विचारणारा तो एकटाच. पण त्याच्या पाठीशी एक केंद्रीय मंडळ उभे आहे. मावशींसाठीही एक मंडळ आहे. महाराष्ट्राने 2008 मध्ये घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा केला. त्यात नोंदणी आहे, कल्याण आहे, लिफ्ट नाही. घरकामगारांना सन्मानाचे काम मिळावे म्हणून आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने 2011 मध्ये 189 क्रमांकाचा करार केला. भारताने तिथे हात वर करून पाठिंबा दिला आणि मग हात खाली घेतला तो घेतलाच. मंजुरीची सही अजून व्हायची आहे.

मावशी या शब्दाचेही एकदा बघायला हवे. मराठीत ‘माय मरो पण मावशी जगो’ म्हणतात. सगळी सोसायटी त्यांना मावशीच म्हणते, अगदी सूचनेला ‘अनुमोदन’ लिहिणारे सभासदही. आईची सख्खी बहीण गावाहून आली तर आपण तिला मार्बलबरोबर वर पाठवणार आहोत का? नसू, तर नाते तरी बदलावे किंवा लिफ्ट तरी.

आणि लिफ्टचे म्हणाल, तर तिचे मत तिच्याच आत, पितळी पाटीवर कोरलेले आहे : ‘13 व्यक्ती, 884 किलो’. माणशी 68 किलोचा साधा हिशेब. तेरा व्यक्ती म्हटले आहे, तेरा सभासद नव्हे. मावशींचे वजन, अर्जदाराच्या अंदाजाने, पंचेचाळीसच्या वर नाही. यंत्राला त्यांनी तेवीस किलोंची सूटच दिली.

अर्थतज्ज्ञ जॉन केनेथ गॅलब्रेथ हे 1961 ते 1963 या काळात अमेरिकेचे भारतातले राजदूत होते. त्याआधी 1958 मध्ये त्यांनी ‘द अ‍ॅफ्लुअंट सोसायटी’ हे पुस्तक लिहिले. खासगी घरांत ऐश्वर्य आणि घराबाहेर बकाली, असे श्रीमंत समाजाचे लक्षण त्यांनी त्यात मांडले. ‘सोसायटी’ या शब्दाचा खरा अर्थ त्यांना दिल्लीत बसून कळला नसावा. तो बाणेर-बालेवाडीत कळतो. इथे स्वतःचा क्लब आहे, स्वतःचे जनरेटर आहेत, आणि फाटकाबाहेर पदपथ नाही.

थोडे आकडे, कारण समितीला आकडे आवडतात. अर्थतज्ज्ञ तोमा पिकेटी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मार्च 2024 मध्ये मांडलेल्या अभ्यासानुसार 2022-23 मध्ये भारतातल्या वरच्या एक टक्का लोकांकडे देशाच्या संपत्तीपैकी 40.1 टक्के आणि उत्पन्नापैकी 22.6 टक्के वाटा होता. 1922 पासूनच्या नोंदींत उत्पन्नाचा हा वाटा सर्वांत मोठा. अर्जदार आणि सेक्रेटरीसाहेब त्या एक टक्क्यात बहुधा नाहीत, त्यामुळे दोघांनाही आपण मध्यमवर्गीय आहोत असे मनापासून वाटते. पण गेल्या वर्षी आपल्या विंगमधला एक फ्लॅट दोन कोटींना गेला. मावशी पाच घरची धुणीभांडी करून महिन्याला पंधरा हजार मिळवतात. न खाता-पिता पैसा न् पैसा साठवला तर तो फ्लॅट घ्यायला त्यांना 111 वर्षे लागतील. त्यानंतर मात्र त्या मुख्य लिफ्टला पात्र ठरतील.

श्रीमंतीवर आपल्याकडे कर होते. मृत्यूनंतरच्या मालमत्तेवरचा 1985 मध्ये रद्द झाला, संपत्ती कर 2015 च्या अर्थसंकल्पात. वसूल कमी आणि कटकट जास्त, असे कारण दिले गेले, आणि ते अगदीच खोटे नव्हते. आपल्या समितीने मात्र कराची कल्पना जिवंत ठेवली आहे, फक्त दिशा बदलून. तो आता गुडघ्यावर बसतो.

पीटर सिंगर नावाच्या तत्त्वज्ञाने 1972 मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. 1971 मध्ये पूर्व बंगालमधून लाखो निर्वासित भारतात येत होते, त्यांची दैना पाहून तो लिहिलेला. त्यातला प्रश्न साधा आहे. वाटेत उथळ तळ्यात एक मूल बुडताना दिसले, तर कपडे चिखलात खराब होतील म्हणून कुणी थांबेल का? आणि थांबणार नसेल, तर दूरच्या मुलाचे काय? या प्रश्नावर गेली पन्नास वर्षे जगभर वाद चालू आहे. आपल्या सोसायटीने तो उपविधीनेच मिटवला. जलतरण तलावाच्या परिसरात घरकामगारांच्या मुलांना प्रवेश नाही. सबब बुडण्याचा प्रश्न उद्भवत नाही.

हे फक्त आपल्याकडेच, असे समजून समितीने एकटेपणा मानू नये. 2014 मध्ये न्यूयॉर्कच्या एका आलिशान इमारतीत कमी भाड्याच्या घरांतल्या लोकांसाठी वेगळे दार ठेवायचे ठरले, तेव्हा तिथल्या वर्तमानपत्रांनी त्याला ‘गरिबांचे दार’ म्हटले आणि गदारोळ झाला. सेक्रेटरीसाहेब दर उन्हाळ्यात मुलाकडे कॅलिफोर्नियाला जातात. कोजागिरीला त्यांनीच सांगितले होते, की तिकडे सफाईला येणारी बाई स्वतःच्या गाडीने येते, पुढच्या दाराने येते, तासावर पैसे घेते आणि ‘हाय’ म्हणते. ‘श्रमाला प्रतिष्ठा आहे हो तिकडे,’ असे म्हणून साहेबांनी मसाला दूध घेतले. ती प्रतिष्ठा विमानतळावर कस्टमवाल्यांनी काढून घेतली असावी.

बाकीच्या तक्रारी थोडक्यात. गेटवरच्या अ‍ॅपमध्ये मावशींना तारे देता येतात. मावशींना एखाद्या घराला दोन तारे देण्याची सोय नाही. निघताना त्यांची पिशवी तपासली जाते. अर्जदार रोज पिशवी घेऊन निघतो, पण तिच्यात काय आहे हे आजवर कुणी विचारलेले नाही. टाळेबंदीत मार्च 2020 पासून गेट बंद झाले, तेव्हा स्वतः भांडी घासल्याचे फोटो ग्रुपवर झळकले. त्या महिन्यांचा पगार किती घरांनी दिला, याचे फोटो नव्हते.

महाडचे नाव इथे काढले तर समितीला राग येईल. येऊ दे. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करावेत, हा सदस्य बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळात 1923 मध्ये झाला. महाड नगरपालिकेने पुढच्या वर्षी चवदार तळे खुले केले, कागदावर. त्या तळ्याचे पाणी ओंजळीत घ्यायला बाबासाहेबांना 20 मार्च 1927 उजाडावा लागला. आपल्या सूचनेत जातीचा उल्लेख नाही, कबूल. गरजच काय? आपल्या इमारतीत धुणीभांडी कोण करते, कचरा कोण नेते आणि लिफ्टचे आरसे कुणासाठी पुसले जातात, हे सगळ्यांना पाठ आहे.

नवव्या मजल्यावर मावशी किती वेळ बसल्या होत्या, हे अर्जदाराने त्यांना विचारले. ‘तीनदा गेली की लिफ्ट,’ त्या म्हणाल्या. तीनदा. दाराच्या पट्टीसारख्या काचेतून त्यांना आत दिवा दिसला, आरसा दिसला आणि कुणी नाही, हेही दिसले. रिकामी लिफ्ट वर गेली, खाली आली, पुन्हा वर गेली, आणि सुजलेला गुडघा धरून एक बाई पायरीवर बसून राहिली, कारण एका लॅमिनेट केलेल्या कागदावर तिला फर्निचर म्हटले होते. यात उपरोध करण्यासारखे काही उरलेले नाही. ही हलकट गोष्ट आहे. ती करणारे आपण सगळे शिकलेले, देवभोळे, गणपतीला वर्गणी देणारे लोक आहोत, म्हणून ती जास्त हलकट आहे.

इथवर लिहून झाल्यावर अर्जदार चहा करायला उठला आणि त्याच्या स्वतःच्या स्वयंपाकघरात त्याची अडचण झाली. ओट्याखालच्या फळीवर, फिनेलच्या बाटलीशेजारी, कान तुटलेला एक कप पालथा घातलेला असतो. तो मावशींचा. कुणी ठरवून ठेवलेला नाही, असे घरात सगळे म्हणतील. दरवर्षी दिवाळीत मावशींचा पगार दोनशेने वाढवताना या घरात जी घासाघीस होते, ती नव्या मोटारीच्या वेळी झाली नव्हती. पुण्यातल्या मोलकरणींनी 1980 मध्ये संप केला आणि त्यातून त्यांची संघटना उभी राहिली, तेव्हा अर्जदार कॉलेजात होता आणि त्याने त्यावर निबंधही लिहिला होता. त्यात ‘शोषण’ हा शब्द बऱ्याचदा आला होता. कप मात्र फळीवरच राहिला.

तेव्हा सेक्रेटरीसाहेबांवर सगळा राग काढणे न्यायाचे नाही, आणि हे पत्र न्यायासाठी लिहिलेले नसले तरी एक गोष्ट सांगायलाच हवी. बुधवारी रात्री साडेनऊला साहेब अर्जदाराच्या दारात आले होते. आत आले नाहीत. चपला न काढता उंबऱ्याशी उभे राहिले आणि हळू आवाजात म्हणाले, ‘त्यांचा गुडघा कसा आहे?’ मग म्हणाले, ‘सूचना माझी नाही हो. वरच्यांचा दबाव आहे.’ वरचे म्हणजे अठराव्या मजल्यापासून पुढचे. साहेब बिनपगारी सेक्रेटरी आहेत. टँकर आला नाही की पहाटे पाचला यांना फोन, लिफ्ट अडकली की यांना शिव्या. मुलगा दूर, बायकोला दिसत कमी. रात्री गेटवरच्या बाकावर ते वॉचमनशी गप्पा मारत बसतात, कारण या दोनशे फ्लॅटांत त्यांच्याशी कामाशिवाय बोलणारा दुसरा कुणी नाही. त्या वॉचमनलाही मुख्य लिफ्ट वर्ज्य आहे. साहेब जाताना जिन्याने गेले. चौदा मजले. लिफ्ट दारात उभी होती.

मावशींनी हे पत्र लिहू नका असे बजावले आहे. ‘कार्ड बंद करतील हो माझं, आणि मग तुम्ही काय करणार?’ या प्रश्नाचे उत्तर अर्जदाराकडे नाही. म्हणून समितीला एकच विनंती : कारवाई करायचीच असेल तर ती 1402 क्रमांकाच्या फ्लॅटवर व्हावी, कार्डावर नको.

दंडाचे पाचशे रुपये सोबत जोडले आहेत. पावतीवर कारण स्पष्ट लिहावे : ‘मुख्य लिफ्टमध्ये मावशी आढळल्याबाबत.’ येत्या गुरुवारी एकोणिसाव्या मजल्यावर पुन्हा मार्बल येणार असल्याचे कळते. मावशी पावणेआठला येतात. आणखी पाचशे आगाऊ जमा करून घ्यावेत.

आपला नम्र,
सभासद, बी-1402

ता. क. : कप बदलला. कानाचा, फुलांच्या नक्षीचा, घरातल्या सहांपैकी एक. मावशींनी तो हातात फिरवून पाहिला आणि जुनाच मागितला. त्यात चहा जास्त मावतो म्हणाल्या.