डॅशबोर्ड हिरवा, गच्ची काळी

सोसायटीची वीज वाचवायची तर आधी काय करावं? जिन्यातले दिवे बदला, गच्ची पांढरी करा, असं सांगणारे लोक जुन्या वळणाचे. आधी ॲप घ्यावं. आमच्या सोसायटीने घेतलं. इमारतीचं ‘ऊर्जा-कार्यक्षम नूतनीकरण’ पाहणीपासून कंत्राटदाराच्या शेवटच्या बिलापर्यंत मोबाइलवर सांभाळायचं, एवढंच त्याचं काम. वर्गणी दुरुस्ती निधीतून भरली. आता दुरुस्तीला निधी नाही, पण दुरुस्तीचं वेळापत्रक मात्र रंगीत आहे.

ॲपचा पहिलाच प्रश्न: बाहेरच्या भिंतींचा यू-व्हॅल्यू, म्हणजे त्यांतून उष्णता झिरपण्याचं माप, किती? सेक्रेटरींनी लिहिलं, ‘नऊ इंच’. ॲपने मुकाट्याने मान्य केलं. ‘छतावर उष्णतारोधक थर आहे का?’ यावर मात्र समितीत जुंपली. मुळात गच्चीवर ब्रिकबॅट कोबा आणि वर पांढऱ्या तुकड्यांचा चायना मोझाइक होता. बिचारा ऊन बऱ्यापैकी परतवून लावायचा. पुढे गळती लागली म्हणून त्यावर काळं डांबरी मेम्ब्रेन अंथरलं. गळती थांबली नाही, शेजारच्या फ्लॅटमध्ये राहायला गेली. शिवाय काळी गच्ची आणि काळी टाकी दिवसभर तापत राहते, त्यामुळे मे महिन्यात वरच्या मजल्यावरच्या आजी रात्री नऊलाही नळाखाली हात धरत नाहीत. पण थर तर आहे ना? मग ‘होय’वर टिचकी मारली. दहापैकी आठ गुण.

एक रंगारी गच्चीला चुन्याचे दोन हात मारून द्यायला तयार होता. वरचा मजला थोडा निवला असता. पण त्याचं ॲपवर प्रोफाइल नाही, जीएसटी क्रमांक नाही. तेव्हा चुना लागला, पण गच्चीला नाही.

मग आला पोल. जिन्यात अजून ४० वॅटच्या जुन्या नळ्या आहेत, चोक खातो ती वीज वेगळीच. २० वॅटच्या एलईडी बसवाव्यात का? पर्याय तीन: होय, नाही, आणि ‘रिडेव्हलपमेंट होऊ द्या, मग बघू’. तिसरा प्रचंड बहुमताने निवडून आला. कारण उघड आहे. इमारत पाडायची आहे म्हणून तिच्यावर खर्च करायचा नाही, आणि खर्च केला नाही म्हणून ती पाडण्याजोगी झाली आहे. या युक्तिवादाला कुठलंच ॲप पुरं पडणार नाही.

तरी खजिनदारांनी सौरऊर्जेचा विषय रेटला. पंतप्रधान सूर्यघर योजनेत सोसायटीच्या लिफ्ट, पंप, दिव्यांसारख्या सामाईक वापरासाठी किलोवॅटमागे १८,००० रुपये अनुदान मिळतं. सगळ्यांचे डोळे लकाकले. तळमजल्यावरचे दुकानदार म्हणाले, आम्ही लिफ्ट वापरत नाही, आमच्या वाट्याचं ऊन वेगळं काढून द्या. वरच्या मजल्याचं म्हणणं, गच्ची आमची, भाडं द्या. हे मिटेपर्यंत मूळ मुद्दा पुढे आला. सामाईक मीटर अजून बिल्डरच्याच नावावर. कन्व्हेयन्स झालेलंच नाही. बिल्डर तर कधीचाच वैकुंठवासी झालेला. आता ओटीपी आणायचा कुठून?

यावर तोडगा काढायला विशेष सभा बोलावली. कोरमअभावी ती अर्धा तास तहकूब होऊन त्याच खुर्च्यांवर, त्याच चौघांत पुन्हा भरली आणि ‘ॲपमध्ये नोंद घ्यावी’ असा ठराव एकमताने झाला. खरं तर मानीव अभिहस्तांतरणाचा, म्हणजे ‘डीम्ड कन्व्हेयन्स’चा अर्ज करायचा होता. पण त्यासाठी कागद शोधावे लागतात, आणि कागदांचं कपाट माजी सेक्रेटरींच्या घरी आहे. ते अमेरिकेत मुलाकडे. कपाटाची किल्लीही त्यांच्याबरोबर गेली आहे.

आणि गेल्या महिन्यात ॲपवर अभिनंदनाचा संदेश झळकला. सामाईक वीजवापर लक्षणीय घटला! डॅशबोर्ड हिरवागार, ‘हरित सोसायटी’चा बिल्ला बहाल. लिफ्ट महिनाभर बंद होती आणि जिन्यातल्या बहुतेक नळ्या उडाल्या होत्या, हे विचारायची सोय ॲपमध्ये नाही. वरच्या आजी या काळात एकदाही खाली उतरल्या नाहीत; ॲपच्या हिशेबात ती लिफ्टची बचत.

चेअरमननी गेटवर लगेच फ्लेक्स लावला. बिल्ला लहान, चेअरमन मोठे. रात्री येणाऱ्या-जाणाऱ्यांना नीट दिसावा म्हणून वर ५०० वॅटचे दोन हॅलोजन बसवले आहेत, सामाईक मीटरवर.