एका मात्रेचा फरक

रोटोरुआ, न्यूझीलंड
दसऱ्याचा दुसरा दिवस

ती. सौ. आईंना साष्टांग नमस्कार, वि. वि.

पत्राबरोबर स्टीलचा एक छोटा डबा येतोय. अण्णा पेपर घेऊन ओसरीवर गेले की मगच तो उघडा, आणि त्याआधी पत्र शेवटपर्यंत वाचा.

गेल्या वर्षी तुम्ही फोनवर विचारलं होतं, "पैंजण घालतीस ना पोरीच्या पायात?" मी हो म्हणाले होते. खोटं बोलले. इथं आल्यावर पैंजण आधी पिवळे पडले आणि महिन्याभरात तव्यासारखे काळे झाले. निरांजन काळं, अत्तरदाणी काळी, माझी जोडवीसुद्धा काळी. ह्यांनी तडक निकाल दिला की आपल्या पेठेतल्या सोनारानं आपल्याला गंडवलं. दोन दिवस घरात त्या बिचाऱ्याचा उद्धार चालला होता. आई, चांदी खरी होती म्हणूनच काळी पडली. तुम्ही दिलेल्या स्टीलच्या वाट्या अजून लख्ख आहेत.

दोष या गावच्या हवेचा. रोटोरुआ वसलंय जुन्या ज्वालामुखीच्या खळग्यात. इथं गटारांतून वाफा निघतात. गावातल्या कुइराउ बागेत तर चिखल रटरटत असतो, अगदी चुलीवरच्या पिठल्यासारखा. त्या वाफेत हायड्रोजन सल्फाइड नावाचा गंधकाचा वायू असतो. तो चांदीला लागला की वर सिल्व्हर सल्फाइडचा काळा थर बसतो. आपल्या परंड्यात ज्याला वर्षं लागतात ते इथं काही आठवड्यांत होतं. शेजारच्या माओरी मावशी हे ऐकून पोट धरून हसल्या. त्यांच्या गळ्यात पौनामू, म्हणजे इथला हिरवा दगड. दगड काय काळा पडतोय!

मग सुरू झाली साफसफाई. तुम्ही बांधून दिलेले रिठे विमानतळावरच गेले होते. तिथल्या साहेबानं विचारलं, हे काय? मी म्हटलं, साबण. झाडाला लागतो का? म्हटलं, हो. त्यानं माझ्याकडे बघितलं आणि पुरचुंडी टोपलीत टाकली. बी-बियाण्याच्या बाबतीत हा देश आपल्या सोवळ्यापेक्षा कडक आहे.

चिंच मात्र इथं मिळते. तिनं तांब्याचा गडू पाच मिनिटांत असा उजळला की बारकी त्यात तोंड बघून वेणी घालायला लागली. पैंजण ढिम्म. चिंचेची आंबटाई तांब्यावरचे डाग विरघळवते, चांदीवरच्या गंधकाला ती काही करू शकत नाही. मग ह्यांनी टूथपेस्ट लावून अत्तरदाणी घासली. टूथपेस्टमध्ये बारीक कच असते. दात कठीण, ते सोसतात. चांदी मऊ, तिच्यावर ओरखडे उठले. अत्तरदाणी आता जवळून दाखवण्यासारखी राहिली नाही.

शेवटी जे जमलं ते ऐकून तुम्हाला पटणार नाही. पोळ्या गुंडाळायचा ॲल्युमिनियमचा कागद भांड्याच्या तळाशी पसरायचा, त्यावर चांदी ठेवायची अशी की कागदाला टेकली पाहिजे, वर चमचाभर खायचा सोडा आणि कढत पाणी. बास. चांदीला धरून बसलेला गंधक तिला सोडून ॲल्युमिनियमकडे जातो आणि चांदी जिथल्या तिथं परत चांदी होते. घासताना तिचा कण कण जातो, तसा इथं जात नाही. पैंजण डोळ्यांदेखत पांढरे झाले. एकच खोड, या वेळी भांड्यातून सडक्या अंड्यांचा वास येतो. तुमच्या गळ्यातली तुळशीची माळ आठवून मी घाबरून खिडकी उघडली, तर बाहेरही तोच वास. या गावात हा वास आमच्या घरातून आला हे कुणाला कळायचीसुद्धा सोय नाही.

इथंच थांबलो असतो तर डबा पाठवावा लागला नसता. पण तुमच्या चिरंजीवांना यश पचत नाही. रविवारी मी भाजी आणायला गेले आणि ह्यांनी कपाटातला सगळा ऐवज बाहेर काढला. माझी ऑक्सिडाइज्ड कर्णफुलं त्यांनी सोड्याच्या पाण्यातून पांढरीफटक करून काढली. त्यांवरचा काळा रंग पैसे मोजून घेतला होता, आई! मोत्याची नथ व्हिनेगरच्या वाटीत होती. मोती म्हणजे खडूचाच भाऊ, आंबटात हळूहळू विरघळतो. मी वेळेवर पोचले म्हणून नथ वाचली. थोडी निस्तेज झालीय, माझ्यासारखीच.

आणि गॅसवर पातेल्यात, खळखळ उकळत्या पाण्यात, ह्यांच्या आजींची बोरमाळ.

मणी पोकळ असतात हे तुम्हाला ठाऊक आहेच. सोन्याचा पत्रा पातळ, तो दबू नये म्हणून आत लाख भरतात. ह्यांना ते ठाऊक नव्हतं. लाख मऊ व्हायला उकळी कशाला लागते, त्याआधीच ती वितळून दोऱ्याच्या भोकांतून बाहेर यायला लागली. पाणी तांबूस झालं. हे म्हणाले, "बघ, केवढा मळ निघतोय!" मग चिमट्यानं माळ उचलायला गेले आणि सात मणी चेपले.

तसल्या अवस्थेत मी ती स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवली. आजी सांगायच्या, माळ पाच तोळ्यांची. जुना तोळा 11.66 ग्रॅमचा, म्हणजे 58 ग्रॅम भरायला हवेत. काटा 19 वर थांबला. बाकीचे तोळे काही लाखेत होते आणि काही आजींच्या बोलण्यात. चार बायकांत त्या म्हणायच्या ना, "लाखाची माळ आहे माझी!" त्या खोटं बोलत नव्हत्या. लाखाची नाही, लाखेची. एका मात्रेचा काय तो फरक.

ह्यांना रागावू नका. त्यांचं म्हणणं असं, की परंड्याच्या किल्ल्यातली मुलूख-मैदान तोफ 1632 साली विजापूरला गेली ती गेलीच, आपली माळ निदान परत तरी येतेय. मी म्हटलं, बरं झालं तोफ गेली, नाहीतर तुम्ही तिलाही चिंच लावली असती.

आता सोन्याला कोमट पाणी, साबणाचा फेस आणि बारकीचा जुना मऊ ब्रश, याउपर काही नाही. मोती आणि लाखेचे मणी फक्त ओल्या फडक्यानं पुसायचे. चांदी घट्ट झाकणाच्या डब्यात. कपाटाची किल्ली माझ्या कमरेला.

डब्यात माळ आहे आणि पुडीत गाळून काढलेली लाख. ह्यांचे मित्र दिवाळीला बार्शीला येतायत, ते वाटेत कुर्डुवाडीला उतरून परंड्याला आणून देतील. माळ पेठेतल्या त्याच सोनाराकडे द्या, नवी लाख भरून मणी नीट करायला सांगा. हे त्यांच्याविषयी काय बोलले ते मात्र सांगू नका. मजुरीचे पैसे पाठवलेत.

अण्णांना नमस्कार. बारकीचा आजी-आजोबांना पापा.

तुमची सून

ता. क. दुकानात कुणी वजन विचारलंच तर सोनाराला डोळा मारा आणि पाच तोळेच सांगा.