जुनं सामान कुठे जाणार?

आठ दिवसांत जुनं बाथरूम ‘विंटेज’ करून देतो, असं सांगणारा ठेकेदार भेटला की त्याला आधी एकच विचारा: काढलेलं सामान कुठे जाणार? कबाड्याकडे. रायपुरात कबाड्याकडच्या लोखंडाला उरला औद्योगिक वसाहत काही लांब नाही. तिथल्या इंडक्शन भट्ट्यांत स्पंज आयर्नसोबत भंगारही वितळतं आणि रोलिंग मिलमधून त्याच्या सळया होऊन निघतात.

भिंतीवर उंच बसवलेली, साखळी ओढायची ओतीव लोखंडाची फ्लशची टाकी अशी किलोच्या भावाने जाते. मग तोच घरमालक कॅटलॉगमध्ये साखळीची टाकी शोधतो, पितळी मुलामा दिलेले नळ शोधतो, जुन्या फरशीची नक्षी छापलेली टाइल मागवतो. अस्सल वस्तू विकून तिची नक्कल विकत घ्यायची, याचा मला मनापासून राग येतो.

फरशीचंच घ्या. १९२२ साली सिधवा कुटुंबातल्यांनी अशा फरश्या बनवणारी भारत टाइल्स सुरू केली. सिमेंटची नक्षीदार फरशी भट्टीत भाजत नाहीत. साच्यात हाताने रंग ओततात, दाबयंत्राखाली दाबतात आणि पाण्यात मुरवतात. रंगाचा थर काही मिलिमीटर जाड असतो, त्यामुळे पिढ्यान्‌पिढ्या पाय घासले तरी नक्षी टिकते. छापील टाइलचा रंग पृष्ठभागापुरता. टवका उडाला की आतली माती दिसते. अशी फरशी किंवा साधं मोझेक तुमच्या न्हाणीघरात असेल, तर त्यावर टाइल चिकटवू देऊ नका. मशीनने घासून पॉलिश करून घ्या. आणि ॲसिड ओतणं आजपासून बंद! मोझेकमधले संगमरवराचे तुकडे आणि सिमेंट दोन्ही ते खातं. फरशी खरखरीत होते, मग मळ आणखी धरते, मग आणखी ॲसिड.

नळ अस्सल पितळेचा असेल तर बहुतेक वेळा वायसर किंवा स्पिंडल बदलून काम भागतं. चिंच किंवा पितांबरी लावा, झळाळी परत येते. तांब्याचा बंब गळत असेल तर कल्हईवाल्याला किंवा तांबटाला दाखवा. घंगाळ तर आजही जसंच्या तसं वापरता येतं.

नवं घालायचंच असेल, तर ते इथल्या हवेला साजेसं हवं. उरला-सिलतरा औद्योगिक पट्ट्यातली काळी धूळ गच्चीवर, खिडकीत, कपड्यांवर बसते. तिथे पांढऱ्याशुभ्र टाइल आणि पांढरे सांधे म्हणजे घरातल्या बाईच्या हातात कायमचा ब्रश. सांधे करडे भरा. खाली छत्तीसगडचा फर्शी पत्थर टाका. जुन्या घरांत तो होताच, आणि ओल्या पायाला गुळगुळीत टाइलपेक्षा घट्ट धरतो.

घाई कुठे चालते आणि कुठे नाही, हेही मिस्त्रीला ठणकावून सांगा. नळ, आरसा, दिवा, रंग हे दोन-तीन दिवसांत होईल. पण ओल येणाऱ्या भिंतीवर पीव्हीसीचे पत्रे ठोकले, की ओल आतच राहते आणि प्लास्टर सोडवते. वॉटरप्रूफिंग केल्यावर जाळी बंद करून किमान २४ तास पाणी साठवून ठेवा आणि खालच्या मजल्यावर जाऊन छत बघा. ठेकेदार त्याला वेळेचा अपव्यय म्हणेल. त्याचे शेवटचे पैसे ते छत कोरडं दिसल्यावरच द्या.