तळमजल्याचा मान

हैदराबादच्या तारनाक्याला विज्ञानाचं वावडं नाही. इथे राष्ट्रीय पोषण संस्था आहे, शेजारी उस्मानिया विद्यापीठ. देशाने काय खावं याचं संशोधन चालतं. खाल्लेलं पुढे कुठे जातं, हा विषय मात्र तळमजल्यावरच्या भाडेकरूकडे सोपवलेला आहे. जोराचा पाऊस झाला की त्याच्या मोरीतून अख्ख्या इमारतीचा अहवाल वर येतो.

कारण साधं. गच्चीवरच्या पावसाच्या पाण्याचा पाइप आपण थेट मैल्याच्या चेंबरात सोडतो, कारण वेगळा नेला तर खर्च येतो ना! वर तळणाचं तेल सिंकमध्ये ओततो. ते पाइपात थिजतं, त्यात ओले वाइप्स अडकतात. रस्त्याखालची वाहिनी भरली की पाणी सगळ्यांत खालचं तोंड शोधतं. एकमार्गी झडप बसवता येते, पावसाळ्याआधी चेंबर साफ करून घेता येतो. पण बैठकीत तिसऱ्या मजल्याचा प्रश्न ठरलेला, "आम्हाला कुठे त्रास आहे?" झडप मिटलेली असताना वरच्यांनीही नळ बंद ठेवायचा असतो, हे तर त्यांना सांगूच नका.

1908 च्या मुसी नदीच्या महापुरानंतर निजामाने अभियंते विश्वेश्वरय्यांना बोलावलं. पूर रोखण्याबरोबर त्यांनी शहराच्या सांडपाण्याचीही आखणी केली. आमच्या सोसायटीने वास्तुशास्त्रवाला बोलावला. त्याने मोरीची दिशा चुकल्याचं सांगून फी घेतली. शेवटी तुंबलेली वाहिनी साफ करणारी जेटिंगची गाडी आली, तर चेंबरच्या झाकणावर अध्यक्षांची मोटार उभी, आणि अध्यक्ष तिरुपतीला.